न्यूरॉनचा सिग्नल पाठ न करता कसा समजून घ्यायचा: कागद, पेन आणि चार आकडे

न्यूरॉनमधून, म्हणजे नर्व्हच्या पेशीतून, सिग्नल कसा जातो हा टॉपिक बहुतेक जण एका ग्राफवरून शिकतात, उणे ७० मिलीव्होल्टवर सरळ रेघ, मग एकदम वर गेलेलं टोक, मग खाली, मग अजून थोडंसं खाली आणि परत जागेवर, आणि त्या प्रत्येक भागाला एकेक लांबलचक नाव. नावं पाठ होतात, पेपरात लिहूनही येतात, पण कुणी विचारलं की रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर याच ग्राफचं काय होईल, की तिथेच गाडी अडते. कारण ग्राफ हा रिझल्ट आहे. तो ज्यातून तयार होतो ती गोष्ट एका प्रश्नात मावते आणि या गाइडमध्ये तोच प्रश्न मी परत परत विचारायला लावणार आहे: या क्षणी मेम्ब्रेनमधले (पेशीच्या पातळ पडद्यातले) कुठले चॅनेल (चार्ज असलेले अणू जायची दारं) उघडे आहेत, आणि ते व्होल्टेजला कुठल्या आकड्याकडे ओढतायत?

कोरा कागद घ्या, पेन घ्या आणि फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरून सायंटिफिक मोडला टाका, त्यात लॉगचं बटण लागणार आहे. बारावीचं बायो आठवत असेल तर भरपूर झालं, आणि नसेल आठवत तरी चालेल, फक्त वाचून पुढे जाऊ नका, गणितं खरंच करा.

आधी डोक्यातून वायर काढून टाका

"नर्व्हमधून करंट जातो" हे ऐकून आपल्या डोळ्यासमोर तांब्याची वायर येते, एका टोकाला इलेक्ट्रॉन शिरले आणि दुसऱ्या टोकाला निघाले. नर्व्हमध्ये असं काहीच होत नाही. इथे फिरतात ते आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू, मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम, आणि महत्त्वाची हालचाल अ‍ॅक्सॉनच्या (न्यूरॉनच्या लांब धाग्याच्या) लांबीच्या दिशेने नसून आडवी असते, मेम्ब्रेनच्या आतून बाहेर किंवा बाहेरून आत. पायाच्या अंगठ्यापाशी आत शिरलेला सोडियम मेंदूपर्यंत कधीच पोचत नाही, तो तिथेच राहतो, पुढे जाते ती फक्त घटना. हे एकदा पक्कं झालं की पुढचा अर्धा गोंधळ आपोआप संपतो.

मेम्ब्रेन स्वतः साधारण ५ नॅनोमीटर जाड, चरबीचा थर, त्यातून आयन आपलेआपण जाऊच शकत नाहीत, त्यांना प्रोटीनचे चॅनेल लागतात, आणि चॅनेल निवडक असतात, सोडियमचा वेगळा, पोटॅशियमचा वेगळा. आता एक छोटं गणित करून बघा. आत-बाहेर फरक फक्त ७० मिलीव्होल्टचा, ऐकायला काहीच नाही, पण तो ५ नॅनोमीटरमध्ये आहे. ०.०७ ला ५ नॅनोमीटरने भागा, येतात मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट पुरतात, म्हणजे मेम्ब्रेनमधल्या प्रोटीनवर त्याच्या चार-पाच पट जोराचं इलेक्ट्रिक फील्ड कायम असतं. "चॅनेलला व्होल्टेज कळतं कसं" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, चॅनेलच्या प्रोटीनचा एक भाग पॉझिटिव्ह चार्जवाला असतो आणि एवढ्या प्रचंड फील्डमध्ये थोडासा बदल झाला तरी तो भाग जागचा सरकतो आणि गेट उघडतं.

चार आकडे लिहा

कागदावर एक उभी रेघ मारा, डावीकडे "आत", उजवीकडे "बाहेर". पोटॅशियम आत १४०, बाहेर ५. सोडियम आत १५, बाहेर १४५. युनिट मिलीमोल प्रति लिटर. पेशी-पेशीत आकडे थोडे इकडेतिकडे असतात, पुस्तकात १२ दिसेल कुठे, कुठे ४ दिसेल, त्याने काही बिघडत नाही, पण कल बदलत नाही: पोटॅशियम आत भरपूर, सोडियम बाहेर भरपूर.

हा फरक ठेवतो सोडियम-पोटॅशियम पंप, एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये हे एन्झाइम दाखवून दिलं, त्यासाठी १९९७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, चाळीस वर्षांनी.

आता समजा फक्त पोटॅशियमचे चॅनेल उघडे आहेत. पोटॅशियम जास्त कडून कमीकडे, म्हणजे बाहेर जायला लागणार, पण तो जाताना पॉझिटिव्ह चार्ज घेऊन जातो त्यामुळे आतली बाजू निगेटिव्ह होत जाते, आणि ती निगेटिव्ह बाजू उरलेल्या पोटॅशियमला मागे खेचायला लागते. कधीतरी दोन्ही सारखं होतं आणि जाणं-येणं बरोबरीत येतं. ते ज्या व्होल्टेजला होतं तो पोटॅशियमचा स्वतःचा आकडा. नर्न्स्टचं समीकरण तेवढंच सांगतं. शरीराच्या तापमानाला ते असं वापरायचं: बाहेरचा भागिले आतला, त्याचा लॉग, गुणिले ६१.५, उत्तर मिलीव्होल्टमध्ये. पोटॅशियमसाठी ५ भागिले १४०, लॉग येतो उणे १.४४७, उत्तर उणे ८९. सोडियमसाठी १४५ भागिले १५, लॉग ०.९८५, उत्तर अधिक ६१ च्या आसपास.

हे दोन आकडे ग्राफवर आडव्या तुटक रेघा म्हणून काढून ठेवा, खाली उणे ८९, वर अधिक ६१. पुढे जे काही होणार आहे ते या दोन रेघांच्या मधेच होणार आहे, आणि माझ्या मते कुठल्याही पुस्तकातल्या ग्राफवर या दोन रेघा नसतील तर तो ग्राफ अर्धा आहे.

रस्सीखेच

एका टोकाला पोटॅशियम, तो व्होल्टेजला उणे ८९ कडे ओढतोय, दुसऱ्या टोकाला सोडियम, तो अधिक ६१ कडे ओढतोय. कोण किती जोर लावणार हे त्याचे किती चॅनेल उघडे आहेत त्यावर ठरतं. शांत बसलेल्या न्यूरॉनमध्ये पोटॅशियमचे काही चॅनेल कायम उघडे असतात आणि सोडियमची किरकोळ गळती असते. हॉजकिन आणि कॅट्झ या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अ‍ॅक्सॉनवर काम करून, मेम्ब्रेनमधून कोण किती सहज जातो याचं जे प्रमाण वापरलं ते पोटॅशियम १ तर सोडियम ०.०४. तेच प्रमाण आपल्या चार आकड्यांवर लावून बघू, क्लोराइड हा तिसरा आयन सध्या बाजूला ठेवू.

वर लिहा: बाहेरचा पोटॅशियम अधिक ०.०४ गुणिले बाहेरचा सोडियम, म्हणजे ५ अधिक ५.८, झाले १०.८. खाली लिहा: आतला पोटॅशियम अधिक ०.०४ गुणिले आतला सोडियम, म्हणजे १४० अधिक ०.६, झाले १४०.६. भागाकार, लॉग, गुणिले ६१.५. उत्तर येतं उणे ६८.५.

थांबा आणि या उत्तराकडे बघा. पुस्तकातला "उणे ७०" तुम्ही आत्ता स्वतः काढलात, चार आकडे आणि एका प्रमाणातून. रेस्टिंग पोटेन्शियल (शांत न्यूरॉनचं व्होल्टेज) हा कुठून तरी आलेला आकडा नाहीये, पोटॅशियम जवळजवळ जिंकलाय पण सोडियमच्या गळतीमुळे उणे ८९ पर्यंत पोचू शकत नाहीये, एवढीच त्याची कहाणी.

आता त्याच समीकरणात ०.०४ च्या जागी २० टाका, म्हणजे सोडियमचे चॅनेल धडाधड उघडलेत. वर ५ अधिक २९००, खाली १४० अधिक ३००, उत्तर येतं अधिक ५० च्या जवळ. आणि तिसऱ्यांदा ०.०१ टाका, म्हणजे पोटॅशियमचे जास्तीचे चॅनेल उघडे असताना सोडियमचा वाटा अजून कमी झालाय, उत्तर उणे ८२.

उणे ६८, अधिक ५०, उणे ८२. ग्राफचे तिन्ही मुक्काम हातात आले, आणि लक्षात घ्या, आत-बाहेरचे चार आकडे आपण एकदाही बदलले नाहीत. बदललं ते फक्त कुठले चॅनेल उघडे आहेत ते.

आता ग्राफ काढा, पण प्रत्येक वळणावर पेन थांबवा

आडव्या अक्षावर वेळ, ० ते ५ मिलिसेकंद. उभ्या अक्षावर उणे १०० ते अधिक ७०. उणे ७० वर छोटी रेघ काढा आणि थांबा. कोण उघडं आहे? गळतीवाले पोटॅशियम चॅनेल. व्होल्टेज-गेटेड, म्हणजे व्होल्टेज बदललं की उघडणारे, सोडियम चॅनेल आहेत पण बंद आहेत.

आता कुठूनतरी धक्का आला, शेजारच्या पेशीकडून म्हणा किंवा त्वचेवर दाब पडला म्हणून, आणि व्होल्टेज उणे ६२ वर आलं. काही सोडियम चॅनेल उघडतील, थोडा सोडियम आत येईल, पण व्होल्टेज वर सरकल्यामुळे पोटॅशियमही जास्त जोराने बाहेर जायला लागतो आणि तो जिंकतो, व्होल्टेज परत खाली. काहीच घडलं नाही. धक्का मोठा आला आणि व्होल्टेज साधारण उणे ५५ पर्यंत गेलं की मात्र आत येणारा सोडियम बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमपेक्षा जास्त होतो, आणि मग काय, सोडियम आत आला म्हणून व्होल्टेज वर, व्होल्टेज वर म्हणून अजून चॅनेल उघडे, अजून चॅनेल म्हणून अजून सोडियम, हे चक्र स्वतःच स्वतःला पळवतं आणि मिलिसेकंदाच्या आत व्होल्टेज अधिक ३० ते ४० ला जातं. थ्रेशोल्ड म्हणजे हा पलटण्याचा बिंदू. बरेच जण समजतात की उणे ५५ ला सगळी गेट एकदम उघडतात, तसं नसतं, ही सोडियम आणि पोटॅशियम यांच्यातली हार-जीत आहे आणि म्हणूनच थ्रेशोल्ड हा आकडा परिस्थितीप्रमाणे थोडा हलतो. सिग्नल एकतर पूर्ण जातो नाहीतर जात नाही हा नियमही इथूनच येतो, चक्र एकदा फिरलं की धक्का किती मोठा होता याचा काही संबंध उरत नाही.

टोकावर पेन थांबवा. अधिक ६१ ला का नाही पोचलं? इथे सोडियम चॅनेलची खरी खुबी आहे. त्याला दोन गेट आहेत असं धरा. एक झटकन उघडतं. दुसरं त्याच व्होल्टेजच्या बदलाने बंद व्हायला लागतं पण जरा उशिरा, मिलिसेकंदाच्या आसपास, चॅनेलच्या प्रोटीनचाच आतल्या बाजूचा एक तुकडा येऊन वाट अडवतो. म्हणजे चॅनेलच्या तीन अवस्था: बंद पण तयार, उघडा, आणि अडकलेला. अडकलेला चॅनेल कितीही धक्का दिला तरी उघडत नाही, आधी व्होल्टेज परत खाली जावं लागतं मग तो तयार होतो. ही तिसरी अवस्था कागदावर वेगळ्या रंगाने लिहा, कारण रिफ्रॅक्टरी पिरियड (एका सिग्नलनंतर नवा सिग्नल न घेणारा थोडा वेळ), सिग्नलची एकच दिशा, भूल, पोटॅशियम वाढल्यावरचा धोका, सगळ्यांची किल्ली तीच आहे.

सोडियम अडकायला लागला तोवर पोटॅशियमचे व्होल्टेज-गेटेड चॅनेल उघडतात. त्यांनाही उघडायचा इशारा तोच मिळाला होता पण ते मुळातच संथ. आता पोटॅशियमचा जोर आणि व्होल्टेज खाली. ते बंद व्हायलाही संथ असल्यामुळे उणे ७० ला गेल्यावरही काही उघडेच राहतात आणि व्होल्टेज उणे ८० च्या आसपास घसरतं, मग ते बंद होतात आणि आपण मूळ जागी. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा, शेवटचं घसरणं थोडं जास्त वेळ.

इथे एक चूक फार पसरलेली आहे म्हणून ठासून सांगते: व्होल्टेज खाली आणायचं काम पंप करत नाही. एक उघडा सोडियम चॅनेल सेकंदाला कोटीच्या आसपास आयन सोडतो, पंप सेकंदाला काही शे. एक मिलिसेकंदात पंपाच्या हातून काही होणं शक्यच नाही. आणि प्रत्येक सिग्नलनंतर आतला सोडियम उपसून काढायची घाईही नसते, कारण आत येतो तो किती? मेम्ब्रेनची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) चौरस सेंटीमीटरला १ मायक्रोफॅरड, व्होल्टेज १०० मिलीव्होल्टने बदलायला चौरस मायक्रोमीटरमागे साधारण ६००० आयन पुरतात. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरा, क्षेत्रफळ १२५७ चौरस मायक्रोमीटर, म्हणजे ७५-८० लाख आयन. त्या पेशीत आधीपासून सोडियम किती? १५ मिलीमोलच्या हिशोबाने ३८०० कोटी. म्हणजे एका सिग्नलने आतला सोडियम वाढला ०.०२ टक्के. प्रत्यक्षात सोडियम आणि पोटॅशियम एकाच वेळी थोडे विरुद्ध दिशेने जातात त्यामुळे आकडा काही पट जास्त धरावा लागतो, तरीही तो किरकोळच. "आता आत सोडियम जास्त झाला आणि बाहेर पोटॅशियम जास्त झाला" हे वाक्य अनेक नोट्समध्ये सापडतं, ते खोडून टाका. पंप मागे हळूहळू हिशोब पूर्ण करत राहतो, तो बंद पडला तर न्यूरॉन पुढच्याच सिग्नलला नाही, बऱ्याच वेळाने थांबतो. अ‍ॅक्सॉन जितका बारीक तितकं हे लवकर जाणवतं कारण आतली जागाच कमी.

हे सगळं कळलं कुणाला आणि कसं

हा भाग परीक्षेला येत नाही पण वाचा, कारण यातूनच विश्वास बसतो की हे कुणी हवेत बोललेलं नाहीये. स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याचा एक अ‍ॅक्सॉन अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, साध्या डोळ्यांना दिसतो. १९३९ मध्ये अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी इंग्लंडमध्ये प्लिमथच्या समुद्री प्रयोगशाळेत त्यात आतून इलेक्ट्रोड सरकवला आणि आतलं व्होल्टेज मोजलं. तोपर्यंतची समजूत अशी की सिग्नलच्या वेळी मेम्ब्रेन सगळ्या आयनांना मोकळी होते आणि व्होल्टेज शून्यावर येतं. यांना ते शून्य ओलांडून बरंच वर गेलेलं दिसलं. तुमच्या कागदावरच्या रेघांकडे बघून सांगा, शून्याच्या वर ओढणारा कोण आहे? पण युद्ध लागलं आणि काम थांबलं. नंतर १९४९ मध्ये बाहेरच्या पाण्यातला सोडियम कमी केला की टोक बुटकं होतं हे हॉजकिन आणि कॅट्झ यांनी दाखवलं, आणि १९५२ मध्ये हॉजकिन-हक्सली यांचे ते प्रसिद्ध पेपर आले. व्होल्टेज एका आकड्यावर घट्ट धरून ठेवायचं आणि त्यासाठी किती करंट द्यावा लागतो ते मोजायचं, या पद्धतीने त्यांनी सोडियम आणि पोटॅशियमचा वाटा वेगळा काढला, समीकरणं लिहिली आणि हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटर मशीनवर बसून ती सोडवली. समीकरणांतून निघालेला ग्राफ आणि खऱ्या अ‍ॅक्सॉनचा ग्राफ जुळला. १९६३ ला नोबेल.

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग १९६१ चा, बेकर, हॉजकिन आणि शॉ यांचा. त्यांनी त्या जाड अ‍ॅक्सॉनमधला गर पिळून काढला आणि आत नुसतं पोटॅशियमचं द्रावण भरलं. अ‍ॅक्सॉन तरीही सिग्नल देत राहिला. मेम्ब्रेन, चॅनेल आणि आत-बाहेरचा फरक, एवढं पुरतं.

सिग्नल पुढे कसा सरकतो

कागदाच्या मागच्या बाजूला एक लांब नळी काढा. मधल्या एका जागी सोडियम आत आला, तिथे आत पॉझिटिव्ह. हा चार्ज आतल्या आत दोन्ही बाजूंना पसरतो आणि शेजारच्या तुकड्याचं व्होल्टेज वर नेतो. पसरताना तो विरत जातो, काही मेम्ब्रेनमधून गळतो, काही मेम्ब्रेनची कपॅसिटन्स भरण्यात जातो, त्यामुळे नुसत्या पसरण्यावर काही मिलिमीटरच्या पुढे तग धरत नाही. पण शेजारचा तुकडा थ्रेशोल्डला पोचला की तिथले सोडियम चॅनेल उघडतात आणि तिथे नवा कोरा पूर्ण उंचीचा सिग्नल तयार होतो. अंगठ्यापासून निघालेला सिग्नल मणक्यापाशी तेवढ्याच उंचीचा का असतो त्याचं कारण हे.

मागे का फिरत नाही? मागच्या तुकड्यातले सोडियम चॅनेल तिसऱ्या अवस्थेत आहेत, अडकलेले. बस.

वेग वाढवायचे दोनच उपाय. एक, अ‍ॅक्सॉन जाड करा, आतला रोध कमी होतो, स्क्विडने तेच केलंय. दुसरा, मायलिन म्हणजे चरबीचं वेष्टन गुंडाळा. मायलिनने मेम्ब्रेनची गळती कमी होते आणि कपॅसिटन्सही कमी होते, म्हणजे चार्ज वाया न जाता भरभर लांब पोचतो. मधे मधे साधारण १ मायक्रोमीटरच्या मोकळ्या जागा असतात, रॅनव्हिअरचे नोड, सोडियम चॅनेल तिथे दाटीवाटीने, आणि पूर्ण सिग्नल फक्त तिथे नव्याने तयार होतो. दोन नोडमधलं अंतर जाड अ‍ॅक्सॉनमध्ये एक-दोन मिलिमीटरपर्यंत. सिग्नल "उडी मारतो" असं लिहितात, त्यावरून मधल्या भागात काही नसतंच असं समजू नका, तिथे चार्ज पसरतोच आहे, फक्त वाटेत चॅनेल उघडून वेळ घालवत नाही.

फरक किती पडतो बघा. अर्धा मिलिमीटर जाड स्क्विडचा अ‍ॅक्सॉन सेकंदाला २०-२५ मीटर. सस्तन प्राण्यांमध्ये मायलिनवाल्या अ‍ॅक्सॉनसाठी ढोबळ हिशोब असा की व्यासाच्या प्रत्येक मायक्रोमीटरमागे सेकंदाला ६ मीटर, म्हणजे तोच वेग ४ मायक्रोमीटरच्या अ‍ॅक्सॉनला मिळतो. तापमान दोन्हीकडे वेगळं आहे हे खरं, तरी जाडीतला फरक शंभर पटीहून जास्त आहे. मायलिन नसतं तर आपला मणका किती जाड लागला असता याचा विचार करा.

एक मीटर अंतर धरून वेळ काढा. स्नायू आणि सांध्यांची खबर देणारे जाड मायलिनवाले धागे सेकंदाला ७० ते १२० मीटर, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या आसपास. टोचल्याची तीक्ष्ण कळ नेणारे पातळ मायलिनवाले ५ ते ३०. आणि मायलिन नसलेले सी फायबर ०.५ ते २, म्हणजे अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत. पायाचं बोट कशाला आपटलं की आधी झटका आणि मग जरा वेळाने ती जळजळणारी, पसरणारी दुखी येते ना, त्या दोन वेगवेगळ्या धाग्यांच्या दोन खबरा आहेत. हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्येच बेडकाच्या नर्व्हवर वेग मोजला होता, सेकंदाला सुमारे ३० मीटर, तेव्हा लोकांना धक्का बसला होता कारण समज असा होता की हे इतकं झटपट होतं की मोजताच येणार नाही.

टोकाला पोचल्यावर

सायनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधला जोड, मी इथे थोडक्यात घेते, तो स्वतंत्र विषय आहे. अ‍ॅक्सॉन संपतो तिथून पुढच्या पेशीपर्यंत २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. सिग्नल टोकाला आला की कॅल्शियमचे चॅनेल उघडतात, आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा दहा हजार पट कमी असतो त्यामुळे तो जोरात शिरतो, त्याने रसायन भरलेल्या पिशव्या मेम्ब्रेनला चिकटून फुटतात, रसायन फट ओलांडतं आणि पलीकडच्या चॅनेलवर बसतं. सगळं मिळून अर्धा ते एक मिलिसेकंद. निरोप रसायनाने जातो हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं, एका हृदयाची नर्व्ह चेतवून ते मंदावलं, त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्याला दिलं, तेही मंदावलं.

पलीकडे काय होणार हे ठरवायला आपला जुनाच प्रश्न: कुठला चॅनेल उघडला? ग्लुटामेट या रसायनाने सोडियम-पोटॅशियम दोन्ही सोडणारे चॅनेल उघडतात, व्होल्टेज शून्याच्या दिशेने म्हणजे थ्रेशोल्डकडे ओढलं जातं. गाबा या दुसऱ्या रसायनाने क्लोराइडचे उघडतात. क्लोराइडचा आकडा स्वतः काढा, बाहेर ११०, आत ८, पण चार्ज निगेटिव्ह म्हणून आतला भागिले बाहेरचा. येतो उणे ७०. म्हणजे गाबा व्होल्टेज फारसं हलवत नाही, ते आहे तिथे धरून ठेवतो, बाकीच्यांनी कितीही वर ओढलं तरी. एकटा सायनॅप्स सहसा पुरत नाही, अनेकांचे छोटे धक्के एकाच वेळी किंवा पाठोपाठ आले तर त्यांची बेरीज अ‍ॅक्सॉनच्या सुरुवातीपाशी होते आणि तिथे निकाल लागतो.

आणि मग जोरात दाबलं की हळू, हे मेंदूला कसं कळतं, सिग्नलची उंची तर बदलत नाही? संख्येवरून. जोर जास्त तर सेकंदाला सिग्नल जास्त, आणि जास्त धाग्यांमधून. एडगर एड्रियन यांनी १९२६ च्या सुमारास एकेका नर्व्ह धाग्यावर हे मोजलं, १९३२ चं नोबेल त्यांना शेरिंग्टन यांच्यासोबत मिळालं. वरची मर्यादा रिफ्रॅक्टरी पिरियड ठरवतो, अडकलेले चॅनेल तयार व्हायला एक मिलिसेकंद लागत असेल तर सेकंदाला हजाराच्या पुढे जाणं जमणार नाही.

समजलं का ते तपासा

खालचे प्रश्न उत्तर झाकून सोडवा, प्रत्येक वेळी आधी तोच प्रश्न, कोण उघडं, कुठे ओढतंय.

दाताच्या डॉक्टरने लिडोकेन हे भूल देणारं औषध दिलं. सोडियम चॅनेल आतल्या बाजूने बंद. रेस्टिंग व्होल्टेज जवळजवळ तेच राहील, कारण ते पोटॅशियम ठरवतो, पण चक्र सुरूच होणार नाही म्हणून दुखल्याची खबर पुढे जात नाही. फुगणाऱ्या पफर माशाचं टेट्रोडोटॉक्सिन तेच काम बाहेरच्या बाजूने करतं, आणि ते श्वासाच्या स्नायूंपर्यंतच्या नर्व्ह बंद करू शकतं म्हणून जीवघेणं.

पोटॅशियमचे व्होल्टेज-गेटेड चॅनेल औषधाने बंद केले तर? वर जाणं तसंच, खाली येणं संथ, टोक रुंद. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात मायलिन झिजतं, मधल्या उघड्या पडलेल्या भागातून चार्ज गळतो आणि पुढचा नोड थ्रेशोल्डला पोचतच नाही. अशा रुग्णांना चालायला मदत म्हणून फोर-अमिनोपिरिडिन हे पोटॅशियम चॅनेल अडवणारं औषध दिलं जातं. का ते आता तुम्हीच जोडा: टोक रुंद म्हणजे चार्ज ढकलायला जास्त वेळ.

आणि सुरुवातीचा तो अवघड प्रश्न, बाहेरचा पोटॅशियम ५ वरून १० झाला. समीकरणात टाका. वर १० अधिक ५.८, खाली १४०.६, उत्तर उणे ५८. बरेच जण इथे म्हणतात की थ्रेशोल्ड जवळ आला म्हणजे सिग्नल सोपे झाले. पहिल्या काही क्षणांसाठी बरोबर आहे. पण व्होल्टेज तिथेच टिकून राहिलं तर सोडियम चॅनेलचं दुसरं गेट हळूहळू लागत जातं, बरेच चॅनेल अडकलेल्या अवस्थेत जातात आणि त्यांना तयार व्हायला जे खाली जावं लागतं तेच होत नाही. म्हणून स्नायू कमकुवत होतात आणि हृदयाची लय बिघडते, पोटॅशियमच्या रिपोर्टकडे डॉक्टर इतक्या गांभीर्याने बघतात ते यासाठी.

शेवटचा एक. प्रयोगात अ‍ॅक्सॉनला टोकाला धक्का न देता बरोबर मधोमध दिला तर सिग्नल कुठल्या दिशेला जाईल? दोन्ही बाजूंचे चॅनेल तयार अवस्थेत आहेत, अडकलेलं कुणीच नाही, त्यामुळे दोन्हीकडे. अ‍ॅक्सॉनला स्वतःची अशी दिशाच नसते, शरीरात तो एका दिशेने जातो कारण सुरुवात नेहमी एकाच टोकाला होते आणि सायनॅप्स उलटं काम करत नाही.